तुझ्या पोटातली माझी किडनी

सर्ज्या, तू गेलास त्या दिवशी माझा खालचा ओठ फुटलेला होता, आणि तो तूच फोडला होतास. भेटायला येणाऱ्या बायका आधी माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि मग रडायला लागायच्या. त्यांना वाटायचं, भावाच्या दुःखात हिनं कुठंतरी तोंड आपटून घेतलं. मी कुणाला खोटं सांगितलं नाही. "सर्ज्यानं मारलं," एवढंच म्हणायचे. मग त्यांचं रडणं मधेच अडकायचं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता यायचं. मी बोलते. आपण दोघं जन्मभर मारामारीशिवाय दुसरं काय करत आलो होतो?

परवा तुझं उत्तरकार्य झालं. ओठाचे टाके त्याच्या आधीच निघाले होते. आतून अजून हुळहुळतं, पण जखम भरली. पू नाही, सूज नाही. माझ्या अंगानं मला न विचारता ते काम उरकून टाकलं. तुझ्या अंगाला नेमकं तेवढंच काम करता येत नव्हतं. ते त्यानं करू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ "गोळ्या घेतल्यास का रे?" असं फोनवर खेकसणारी मीच होते.

तुझा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. मी थोरली, त्यामुळं सुरुवात माझी आणि शेवट तुझा, असं आपलं ठरलेलं होतं. गोठ्यातल्या शेणाच्या पाट्या आपण एकमेकांच्या डोक्यावर ओतल्यात. तू माझी वेणी म्हशीच्या दाव्याला बांधलीस, मी तुझ्या दंडाचा असा चावा घेतला की लग्नातही तो वण दिसत होता. आई आधी मला झोडपायची, मग तुला, आणि मग स्वतःच रडत बसायची. पुढं मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले, पोरांवर शिट्टी फुंकून ओरडायचा पगार मिळायला लागला. तुझ्याकडं म्हशी आल्या. संध्याकाळी कसबा बावड्यातनं म्हशी हाकत शहरातल्या कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला पेला तसाच कोमट हातात द्यायचा, हा आपल्या घराचा धंदा. त्या धारोष्ण दुधानं मेलेला माणूस उठून बसतो, यावर आपल्या घरात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती.

एका गिऱ्हाइकानं एकदा म्हटलं होतं, दुधात पाणी आहे. समोर धार काढलेल्या दुधात! तू त्याचा पुढचा दात पाडलास. तुला सोडवायला चौकीत मीच आले होते. तिथंही हवालदाराला म्हणालास, "सायेब, मला काय बी बोला, म्हशीला बोलायचं काम न्हाय." हवालदार हसला म्हणून सुटलास, नाहीतर रात्र तिथंच होती.

नव्वदचं दशक संपत आलं आणि तुझे पाय सुजायला लागले. आम्ही म्हटलं, उभं राहून राहून सुजत असतील. मग तोंड सुजलं, मग दम लागायला लागला. तुझ्या रक्तदाबानं दोन्ही किडन्या खाऊन टाकल्या होत्या आणि तुझा कधी डोकंसुद्धा दुखल्याचा बोभाटा नव्हता. मग डायलिसिस सुरू झालं. हाताच्या शिरेत ती जाडजूड सुई खुपसताना तू यंत्राच्या आईचा उद्धार करायचास, आणि शेजारच्या खाटांवरचे पेशंट तेवढीच करमणूक म्हणून कान देऊन ऐकायचे. आईची किडनी जुळली नाही. माझी जुळली. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, "भावासाठी पोट फाडून घेतीस व्हय? उद्या तुझं काय झालं तर पोरांचं कुणी बघायचं?" माझ्या नवऱ्यानं मुकाट्यानं सही केली. सासूबाई त्याच्याशी कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत.

ऑपरेशनच्या आधी पुण्याच्या डॉक्टरांनी आपल्याला शेजारी शेजारी बसवलं होतं. ते म्हणाले, "बहिणीची असली तरी ही किडनी तुमच्या शरीराला परकी वाटणार. शरीर तिला मारायला उठणार. म्हणून आम्ही गोळ्यांनी शरीराचे हात बांधून ठेवतो. त्यानं किडनी वाचते. पण हात बांधलेला माणूस जंतूंशीही मारामारी करू शकत नाही. इतरांना ज्याचा पत्तासुद्धा लागत नाही, असा जंतू तुम्हाला आडवा करेल."

"किती दिस बांधायचं हात?" तू विचारलंस.

"किडनी आहे तोवर. म्हणजे जन्मभर."

तू माझ्याकडं वळून हसलास. "बघ आक्का, माझं हात बांधायला तुला किडनी द्यावी लागली."

ते हसू मला अजून दिसतं. आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा लघवी झाली तेव्हा तू वॉर्डात मारलेली आरोळीही ऐकू येते. मी पलीकडच्या खोलीत टाक्यांवर हात दाबून पडले होते. तुझी आरोळी ऐकून हसायला गेले आणि टाक्यांतनं अशी कळ आली की तुला चार शिव्या घातल्या. इतका आनंद मला माझी पोरं झाली तेव्हाही झाला नव्हता. हे तुला कधी सांगितलं नाही.

घरी आलास आणि नियम आले. तोंडाला कापड बांधायचं. पाणी उकळून. गर्दीत जायचं नाही. गोठ्यात पाऊल टाकायचं नाही, शेणाला हात लावायचा नाही. आणि दूध प्यायचं ते खळखळून उकळलेलं. शेवटचा नियम ऐकल्यावर तू डॉक्टरांकडं असं बघितलंस, जणू त्यांनी तुझ्या आईला शिवी दिली आहे. "उकळल्यालं दूध म्हंजे मेल्यालं दूध," तू म्हणालास. "माझी काजळ आजारी हाय व्हय? तिच्यासारखी निरोगी म्हस साऱ्या बावड्यात दाखवा." म्हैस निरोगी असली तरी दुधात जंतू असू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, तुझी बायको मंगल हिनं सांगितलं. तू ऐकून घेतलंस. पटलं नाही.

म्हशी मंगलकडं गेल्या. ती धार काढायची आणि तू कट्ट्यावर लांब खुर्ची टाकून, तोंडाला कापड बांधून बसायचास. एकानं विचारलं, "काय पावणं, नवरीगत तोंड झाकून बसलाय?" तू खुर्चीच त्याच्या पाठीत घातलीस. त्याला काही झालं नाही, तुझ्या मनगटाला खरचटलं, आणि तेवढ्या खरचटण्यानं हात कोपरापर्यंत लाल होऊन सुजला. दवाखान्यात सलाईनमधनं औषध द्यावं लागलं. मी येऊन तुला आधी थोबाडीत मारली आणि मग उशाशी बसले.

असं चालूच राहिलं. पोरांना नुसती सर्दी व्हायची, तुला न्यूमोनिया व्हायचा. तोंडात पांढरा थर साचायचा, भाकरीचा घास फिरवता यायचा नाही. एका पावसाळ्यात कमरेला नागीण उठली. आपल्याकडं नागीण म्हटली की गेरू आलाच. शेजारणी म्हणायला लागल्या, तिची दोन तोंडं जुळली की माणूस संपतो, आणि गगनबावड्याकडचा कुणी म्हातारा झाडपाला वाटून घेऊन आला. फोडांमधनं पाणी येत होतं आणि हे त्यावर चिखल लिंपायला निघाले होते! मी ती वाटी भिंतीवर मारली. म्हातारा पळाला. तू कण्हत होतास तरी हसलास, म्हणालास, "आक्का, तुझं हात कुणी बांधलं न्हाईत ते बरं हाय."

तुला तापसुद्धा धड यायचा नाही. डॉक्टर म्हणायचे, ताप म्हणजे शरीराची आरडाओरड, आणि गोळ्यांनी आपण ह्यांच्या शरीराचं तोंडही दाबलंय. ह्यांची कणकण म्हणजे दुसऱ्याचा सणसणीत ताप समजा. तू कणकण कधी सांगितलीस? तुला ते बायकी वाटायचं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी आपलं एकच भांडण होतं. किडनी कुणाची? मी म्हणायचे, "माझी किडनी हाय ती, नीट सांभाळ." तू म्हणायचास, "दिलीस नव्हं? मग माझी." मी म्हणायचे, "तुझ्या पोटात ठेवलीय, तुझ्या नावावर केलेली न्हाय." मी दारात आले की तू पोटावर हात ठेवायचास, "आलीस? बघ बाई, हाय अजून जाग्यावर." चेष्टा म्हणून सुरू व्हायचं आणि भांडी आपटेपर्यंत जायचं. तुझ्या पोटावरचा तो उंचवटा मी कितीदा बोट रोखून दाखवला असेल. माझंच होतं ते. मी ते उगीच कुणाला दिलं नव्हतं.

मग हा पाडवा आला. दिवाळी पाडव्याला आपल्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, आणि मालकानं मोटारसायकलचा सायलेन्सर काढून फटफट आवाज करत पुढं सुटायचं. म्हैस आपल्या माणसामागं जीव खाऊन धावते. ऑपरेशन झाल्यापासून तू एकदाही गेला नव्हतास. या वर्षी कुणाला न सांगता गेलास. मी पोचले तेव्हा धुळीचा लोट होता, शिट्ट्या होत्या, आणि त्यात तू, तोंडावर कापड नाही, शर्टाची बटणं उघडी, मागं काजळ उधळलेली. लोक तुझ्या नावानं ओरडत होते. खरं सांगते, क्षणभर मीही ओरडले.

मग तू गाडीवरनं उतरलास, काजळला थोपटलंस, बसलास आणि पेल्यात धार काढलीस. भरल्या गर्दीत पेला तोंडाला लावलास. मी माणसं ढकलत तुझ्यापर्यंत येईस्तोवर अर्धा पेला पोटात गेला होता. उरलेला मी हातावर फटका मारून उडवला. तू माझा दंड धरलास, मी तुझ्या गालावर ओरबाडलं, तू मला ढकललंस, मी तुझे केस धरले. आपली चाळिशी जवळ आलेली आणि आपण रस्त्यात, दुधाच्या चिखलात, साऱ्या बावड्यासमोर एकमेकांना बडवत होतो. लोकांनी ओढून बाजूला केलं तेव्हा तू धापा टाकत म्हणालास, "इतकी वर्सं मी तुझ्या किडनीचा डबा हून जगलो आक्का. झाकून ठेवायचा, उकळून घ्यायचा, उनात न्यायचा न्हाय. एक दिस मला सर्ज्या हू दे की!"

मी म्हणाले, "मर मग." सगळ्यांनी ऐकलं. ते शब्द परत घ्यायला मी हे लिहीत नाही. त्या दिवशी समोर दुसरं कुणी असतं तर त्यानंही तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मला वाटलं, येणार नाहीस. आलास. गालावर माझ्या नखांच्या रेघा होत्या. पाटावर बसवून मी आधी स्पिरिटचा बोळा त्या रेघांवर फिरवला आणि मग कुंकू लावलं. तू "स्स" केलंस. मी ओवाळलं. तू म्हणालास, "ताटात काय घालू? तुझीच वस्तू परत घालू?" मी म्हणाले, "घाल, बघू." करंज्या खाल्ल्यास, माझ्या पोरांना गुदगुल्या करून हैराण केलंस आणि गेलास. ते आपलं शुद्धीतलं शेवटचं बोलणं.

तुळशीची लग्नं लागत होती तेव्हा मंगलचा फोन आला. "आक्का, हे काय बी बोलायला लागल्यात. मला वळखनात." दवाखान्यात पोचले तर तुझी मान लाकडासारखी ताठ होती. डोळे उघडे होते, पण आमच्याकडं बघत नव्हते. कुणीतरी काजळला सोडून नेतंय असं तुला दिसत होतं. सलाईन उपसून टाकलंस, रक्त उडालं, आडव्या आलेल्या कंपाउंडरच्या छातीत लाथ घातलीस. मी वाकून म्हटलं, "सर्ज्या, मी हाय, आक्का." तुझी मूठ थेट माझ्या तोंडावर आली. इतक्या जोरात तू मला लहानपणीही मारलं नव्हतंस. तिघांनी मिळून तुला खाटेला पट्ट्यांनी बांधलं. मी तोंडातलं रक्त गिळत उभी होते आणि मला पुण्याच्या डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं.

पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. डॉक्टर म्हणाले, जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय. कच्च्या दुधात सापडतो तो. मी विचारलं, "पाडव्याच्या पेल्यातनं?" ते म्हणाले, "असेल. नसेलही. शिळ्या अन्नातनंही येतो. तुमच्या-माझ्या पोटात गेला तर फार तर पोट बिघडेल. ह्यांच्या शरीरात त्याला अडवायला कुणी नव्हतं."

तुझं बडबडणं थांबलं, मग झटके आले, मग तेही थांबले. खाटेला लघवीची पिशवी लटकत होती आणि ती भरत होती. तुझं डोकं गेलं होतं, श्वास यंत्र घेत होतं, आणि पिशवी भरत होती. नर्स बिचारी चांगल्या मनानं म्हणाली, "किडनी छान काम करतेय हं." मला तिचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. इतकी वर्षं मी जिच्यासाठी तुझ्याशी भांडले, तिला काही झालंच नव्हतं. ती शेवटच्या सकाळपर्यंत राबत होती, आणि तू तिला सोडून निघाला होतास.

तुला घरी आणलं. आत तुझी आंघोळ चालली होती तेव्हा मी गोठ्यात गेले आणि कोपऱ्यातली काठी उचलली. काजळच्या शिंगांवर पाडव्याचा रंग अजून होता. मी तिच्या पाठीत काठी हाणली. ती नुसती सरकली. दुसऱ्यांदा उगारली तर मंगलनं मागनं धरली.

"मारायचं तर मला मारा आक्का. पाडव्याच्याच दिशी न्हाय. अधनंमधनं मीच देत हुते."

"काय देत हुतीस?"

"दूध न्हाय. फेस. 'मंगल, निस्ता वरचा फेस दे,' म्हणायचं. चाटायचं आणि पेला परत द्यायचं. डोळ्यात पाणी यायचं हो त्यांच्या. तेवढ्यानं काय हुतंय, असं मला वाटायचं."

कुठल्या पेल्यानं तुला मारलं, ते आता देवालाही सांगता येणार नाही. काठी माझ्या हातात होती आणि समोर मंगल उभी होती, केस सुटलेले, चार दिवस न झोपलेली. मी काठी गुडघ्यावर मोडायला गेले. मोडली नाही, गुडघाच दुखला. मग ती उकिरड्यावर फेकली आणि मंगलला हाताला धरून आत नेलं.

तिरडी उचलली तशी मी मागं निघाले. गल्लीच्या तोंडाशी पुरुषांनी अडवलं. "बायका मसनात येत न्हाईत. घरात जा आणि रड." मी म्हणाले, "माझं एक अंग चाललंय त्यात. माझ्याच मयताला मला अडवतोस व्हय?" एकानं दंडाला धरलं. मी त्याचा हात पिरगाळला. शाळेत पोरांना कबड्डी शिकवते मी, मला धरून ठेवणं सोपं नाही. मग कुणी आडवं आलं नाही.

तुझी चिता पेटली. मी एकटीच बाई, म्हणून माझ्याभोवती जागा सोडून सगळे उभे होते. तेवढ्यात शामूनाना जवळ आले. आपल्या बाबांचे चुलतभाऊ, राधानगरीकडं भातशेती करणारे, तू लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसायचास ते. त्यांचे डोळे रडून सुजले होते. हळूच म्हणाले, "पोरी, एक इचारू? दवाखान्यात म्हणत हुते, ती तुझी किडनी चांगली चालू हुती. मग जाळाया कशाला दिलीस? काढून तुझी तुला परत घालत न्हाईत व्हय?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. गोठ्यातली म्हैस मेली तर तिची चांगली घंटा कुणी पुरत नाही, तेवढाच त्यांचा हिशेब. आणि सर्ज्या, दवाखान्यात त्या पिशवीकडं बघताना माझ्याही मनात हेच आलं होतं. फुकट गेली. माझी होती, ह्यानं मातीत घातली. पण तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला काय झालं कळलं नाही. मी त्या सत्तरीच्या म्हाताऱ्याची गळपट्टी धरली. टोपी खाली पडली. लोक धावले. मी त्यांना गदागदा हलवत ओरडले, "माझी कुठली? माझी न्हाय ती! त्याची हाय! त्याची हुती, त्याच्याबरोबर जाणार!"

लोकांनी मला सोडवलं. मी नानांची टोपी उचलून झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली. तुझ्याकडनं लाकडं तडकल्याचे आवाज येत होते. जन्मात पहिल्यांदा मी तुझ्यापुढं भांडण हरले होते, साऱ्या बावड्यादेखत हरले होते, आणि तू ऐकायला नव्हतास.